गोळीच्या पाकिटावर

परतवाड्याच्या बसस्टँडसमोरच्या मेडिकलात शैला खोकल्याच्या औषधासाठी उभी होती. तिची बस तिकडे लागलेली, आणि पुढच्या म्हाताऱ्याचं काम काही संपेना.

"गोपालभाऊ, बुढीच्या कॅल्शियमच्या पाकिटावर लिहून दे, गोळी घेतल्यावर तासभर पडून राहावे."

"या गोळीले पडून राहा लागत नाई, काकाजी."

"गोळीले नाई, बुढीले लागते न! पहाटपासून जे उठते, ते जागची बसतच नाई."

"मंग तुमी सांगा तिले."

"माहं कोन आयकते बाप्पा? तुह्या पेनाचं आयकते."

"बरं, हे घ्या. 'दुपारी जेवणानंतर एक. मग तासभर पडावे.' झालं?"

"पक्कं झालं. आता माही बीपीची दे. त्याच्यावर मांगच्यासारखंच लिहिजो."

"मांगं काय होतं?"

"'गोळी घेतल्यावर पानठेल्यावर जाऊ नये. अर्धा तास घरच्या माणसाशी बोलत बसावे.' मी रोज बसतो बुढीजवळ. लय फरक हाये लेका! हे कंपनीवाले मोठे हुशार."

"काकाजी, ते कंपनीचं नव्हतं."

"मंग?"

"काकू येऊन लिहून घेऊन गेल्या होत्या."

म्हाताऱ्याने हातातलं कॅल्शियमचं पाकीट जपून खिशात ठेवलं. मागे बसचा हॉर्न वाजला, पण शैला जागची हलली नाही.

"तरी लिही," म्हातारा म्हणाला. "अन् अर्ध्या तासाचा एक तास कर."