दुसरा रन

नाय दादा, वायर पायात येते म्हणून वायरलेस — हे कारण मला सांगू नका. मंडपात पायात काय येत नाय? वर्गणीची पेटी येते, तुमचा माईकवाला येतो — त्याला काढलात का? मग रिमोटच्या वायरनेच तुमचं काय घोडं मारलं? धसईहून एस्टी बदलत शहापूरला आले ती हेच सांगायला — यंदा व्हिडिओ गेमची स्पर्धा वायरवर ठेवा. कोण मी? मी वैष्णवी. गेल्या नवरात्रात तुमचा कप जिंकला ना दीपेश, त्याची बहीण. हो हो, धसईचा वाघ — तुमीच ठेवलंत ते नाव, माईकवरून! वाघ म्हणे. घरात मांजर घाबरत नाय त्याला.

फायनल आठवते? क्रिकेटचा गेम, शेवटचा बॉल, दोन रन हवे. एक झाला — आणि हा शहाणा रिमोट खुर्चीत टाकून, दोन्ही हात वर करून नाचायला लागला! आणि टीव्हीतला गडी परत पळाला. मला सांगा, बटण दाबल्याशिवाय गडी पळतो? मग दुसरा रन घेतला कोणी? मी घेतला! — म्हणजे... म्हणजे काय म्हणजे, मीच घेतला. सगळेच मी घेतले. बायकांच्या बाजूला बसून, ओढणीखाली रिमोट धरून. शेजारची सकूकाकी विचारते, काय गो, माळ ओढतेस? म्हटलं, हो, देवीची. त्याच्या हातातल्या रिमोटात सेलसुद्धा नव्हते!

हसू नका. पोरगी टीव्हीसमोर बसली तर लोक नावं ठेवतील, तू मागून खेळ, कप दोघांचा — असं म्हणाला, नि मी ऐकलं. दोघांचा! कपावर नाव एकट्याचं. परवा पाहुणे आले, त्यांनी कप हातात घेतला, तर माझ्यादेखत सांगतो — हिला यातलं काय कळत नाय, ही नुसती बघते. अंगाची आग आग झाली माझ्या. आणि पाहुण्यांची पाठ वळते न वळते तोच मला म्हणतो, यंदाचे सेल आणून ठेवलेत हां!

म्हणून वायर. ज्याच्या हातात वायर, त्याचा खेळ — शेंबड्या पोरालाही कळेल. माझं नाव लिहा आणि पहिली मॅच दीपेशबरोबर लावा. विचार कसला करताय — वायरचे रिमोट मी पिशवीत घालून आणलेत, टीव्ही तुमचा लावलेलाच आहे. तो बघा, नाव द्यायला आलाच.

ये रे वाघा. बस. हा रिमोट, ही वायर. आता कर हात वर.