वसुधाताईंनी मांडलेलं काम

मंडळी, आदर्श नगरच्या या हॉलमध्ये आपण एरवी हळदीकुंकवाला नाहीतर गणपतीला जमतो. आज बोलायला उभं राहणं जड जातंय. अरविंदराव, तुमच्या पत्नीबद्दल बोलताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विमा कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात मी वसुधाताईंच्या शेजारच्या टेबलावर बसतो. आमचा पॉलिसींचा प्रोग्रॅम म्हणजे एकच सलग गुंता होता. बोनसचा नियम बदलला की छपाई बिघडायची. छपाई दुरुस्त केली की हप्ते चुकायचे. थकून जायचो आम्ही. ताई म्हणाल्या, "याचे भाग पाडू. प्रत्येकाचं काम वेगळं. एकाने दुसऱ्याच्या पोटात डोकावायचं नाही."

साहेब म्हणाले, "चल रहा है न, मैडम? फिर छेड़िए मत."

ताईंनी वाद घातला नाही. रोजचं काम उरकून एकेक भाग सोडवत राहिल्या. वर्षं गेली त्यात. कोणी शाबासकी दिली? नाही दिली.

मग ताईंचं आजारपण आलं. त्यातच बोनसचा नियम पुन्हा बदलला. मी घाबरलो. कागदांची चळत घेऊन दुपारी हॉस्पिटलात गेलो. त्यांनी ती हातानेच दूर सारली.

"बोनसचा भाग उघडा. बाकी कशाला हात लावू नका."

"ताई, एकदा नजर तरी टाका ना."

"मलाच बघावं लागणार असेल, तर एवढं केलं कशासाठी?"

मी परत गेलो. तेवढाच भाग बदलला. दुसऱ्या दिवशी सांगायला आलो, तर त्यांनी विचारलं, "छपाई हलली?"

"नाही."

"हप्ते?"

"नाही, ताई. सगळं जागच्या जागी आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग आता मी झोपते." अरविंदराव, तुम्ही होतात तिथे. किती दिवसांनी इतकी शांत झोप लागली होती त्यांना! आमचं बोलणं तेवढंच. शेवटचं.

परवा त्या गेल्या. काल कचेरीत गेलो. मशीन चालू होतं. नोटिसा छापल्या जात होत्या, एकही अक्षर न चुकता. कोणाचं काही अडलं नाही. मंडळी, खरं सांगू? मला ते सहन झालं नाही. वाटलं, आज तरी अडावं. जरासं अडावं.

पण अडणार नाही. ताईंनी ते तसंच मांडून ठेवलंय.

तिथे काही थांबलं नाही. आपण तरी थांबू या. उभे राहू या, दोन मिनिटं, काही न बोलता.