मागच्या काचेवरची अंबादेवी

धम्मदीप : थांबा, थांबा काका. गाडी न्यायले मी आज आलो, अन् तुमी काच खरडून राहिले? काल तं म्हणाले, जशी हाय तशी देतो.

मोरोपंत : स्टिकर काढतोय हो. अंबादेवीचा. जुना झाला होता.

दीपमाला : काल तं चांगला दिसत होता.

मोरोपंत : ताई, तुम्ही आत बसा ना. आमची सून अदिती चहा टाकतेय.

दीपमाला : मी इथंच बरी. अहो, पाहा बरं, त्या फडक्याखाली तडा असन.

मोरोपंत : तडा कसला! खोबरेल तेल आहे, चिकटा मऊ व्हायला. हे बघा.

धम्मदीप : काच तं साबूत हाय. मंग काहून? पार्किंगचा स्टिकर ठेवला, शोरूमचा ठेवला. हाच काढला.

मोरोपंत : तुम्ही बौद्ध लोक देव मानत नाही. म्हटलं, तुम्हाला त्रास कशाला.

धम्मदीप : मी कुठी म्हटलं त्रास होते म्हणून?

मोरोपंत : नाही, ते... काल कागदावर तुमचं आडनाव वाचलं.

दीपमाला : अस्सं!

मोरोपंत : तुम्ही भलताच अर्थ काढताय.

धम्मदीप : मंग तुमी सांगा अर्थ. हेच गाडी मोर्शीच्या एखाद्या जोश्यानं घेतली असती, तं हे तेल बाहेर निघालं असतं?

मोरोपंत : ...नसतं.

दीपमाला : चला हो. मी हिवरखेडच्या शाळेत शिकवाले बसनंच जाईन. उभ्यानं गेली तरी चालते.

धम्मदीप : थांब जराशी. काका, खरं काय ते बोला.

मोरोपंत : वाटलं, तुम्ही ब्लेड लावाल. नालीत फेकाल. झोपच नाही आली हो.

दीपमाला : माही शेजारीण देवीले जाते, तवा गर्दीत तिची ओटी मी धरते. नालीत फेकते काय?

मोरोपंत : मला कसं कळणार, ताई?

दीपमाला : तोंड होतं ना. इचारायचं.

(देवीचा मुकुट निघालाय, चेहरा तसाच आहे.)

मोरोपंत : आता धड ठेवताही येत नाही. गाडी नको असेल तर सांगा.

धम्मदीप : गाडी पायजे. किल्ली द्या.

मोरोपंत : आणि हे?

धम्मदीप : ते तुमीच काढा. पर नखानं नका खरडू, तेल मुरू द्या. काच आता माही हाय.