साहेबाच्या फेट्यावरचं मीठ

आमचं गाव तेल्हाऱ्याच्या अल्याड, खारपानपट्ट्यातलं, म्हंजे वरची जमीन काळीभोर अन् खालचं पानी खारं, एवढं खारं का डाळ शिजत नाई अन् साबनाले फेस येत नाई. माहा बाप लग्नात फेटे बांधे, त्याचंच पाहून मी शिकलो, अन् पहिल्याच लग्नात काय केलं, नवरदेवाचा तुरेवाला फेटा नवरीच्या मामाले बांधून देला. मामाबी ऐटीत बसून राह्यला. तं असा मी कारागीर, काय सांगू तुमाले.

मंग पुढाऱ्यायचं काम लागलं. आमचे साहेब तवा नवेच निवडून आलते, कोनत्याबी भूमिपूजनाले गेले का फेटा माह्याच हातचा. म्हनत, गजानन, तुह्या हातचा फेटा डोक्यावर गच्च बसते, अन् मी खुश. आमच्या गावात गोड्या पान्याच्या टाकीचं भूमिपूजन झालं तवाबी म्याच बांधला. नारळ फुटला, पाइप आले, घरोघर नळ बसले, अन् नळ सोडला तं नुसती हवा. पुढच्या निवडनुकीआंधी त्याच टाकीचं पुन्हा भूमिपूजन, पुन्हा नारळ, पुन्हा माहाच फेटा, अन् टाळ्या सगळ्यायच्या आंधी कोनं वाजोल्या, तं म्या मूर्खानं.

माही बायको सुमन, तिले मुतखडा. कंबर धरून बसते तं तोंडातून आवाज निंगत नाई. डॉक्टर म्हनते गोडं पानी पाजा, म्हनून कॅन इकत आनतो. ती मले म्हने, साहेबाचं डोकं तुमच्या हातात असते, एकडाव नळाचं इचारा ना. अन् मी दरवेळी म्हनो, बांधताना बोललो तं पीळ सुटते बाई.

यंदा साहेबानं जाहीर केलं का आता राजकारन बस झालं. अकोल्यात सत्कार ठेवला, मले बलावनं आलं. सुमन म्हने, आज नाई इचारलं तं मंग इचाराचं कोनाले? खरंच होतं तिचं.

आता फेट्याचं असं हाय का कापड भिजवून खळ द्या लागते, अन् पानी लागते गोडंच, खाऱ्या पान्यात भिजोलं तं वाळल्यावर पांढरं चढते. हे मले बापानं शिकोलं. पन मी त्या दिवशी साहेबाले काय इचाराचं थेच मनात घोकून राह्यलो होतो, अन् घोकता घोकता कापड भलत्याच बादलीत बुचकळलं. ओलं होतं तवा काई दिसलं नाई. तसंच नेलं, तसंच बांधलं, अन् पिळाच्या धाकानं इचाराचंबी राहून गेलं.

भाषनं सुरू झाली. एक म्हने साहेबानं कोनाचं लग्न चुकोलं नाई, दुसरा म्हने कोनाची मयत चुकोली नाई. माह्या बाजूले तेल्हाऱ्याचे कापडवाले रफिकभाई बसले होते, ते हळूच म्हने, शादी भी निभाई, मय्यत भी निभाई, बीच का जीना रह गया गजाननभाऊ.

वरून ऊन, बाजूनं पंखे, फेटा वाळला. लाल फेट्यावर पांढरे पट्टेच्या पट्टे उमटले. साहेब बोलाले उभे झाले, घाम गळला, ओठावर आला, त्यायनं जीभ फिरोली अन् थांबले. मले पाह्यलं. गजानन, हे काय लागलं रे फेट्याले? माईक चालूच होता. घोकलेलं सारं मी इसरलो, तोंडातून निंगलं, मीठ हाय साहेब, आपल्या टाकीच्या गावचं.

मंग सत्काराले टेम्पोत भरून आनलेल्या आमच्या गावच्या बाया उठल्या, म्हने नळाचं काय झालं थे सांगून जा. अन् साहेब काय म्हनाले, मी तं आता निवृत्त झालो, नव्या लोकायले भेटा, मले आंधी सांगाचं ना. आंधी? दोनदा नारळ फोडला तवा का डोये झाकले होते? शिपाई निवृत्त होते तं एक कागद राह्यला म्हनून त्याचं पेन्शन अडकून ठेवतात, अन् याले जाताना कोनी म्हनत नाई का एक नळ सोडून दाखव अन् मंग हार घाल. माहा जीव जळते भाऊ.

कार्यकर्त्यायचे फोन आले, तू मुद्दाम साहेबाची इज्जत घालोली. गाववाले पाठ थोपटून राह्यले, मुद्दाम केलं, बेस केलं. मी सांगतो का चूक झाली, तं कोनी मानत नाई. सुमन तेवढी मानते. म्हने, मुद्दाम कराची अक्कल असती तं तुमी पयल्याच नारळाले केलं असतं.

फेटा साहेबाच्या ड्रायव्हरनं आनून देला, दांडीवर तसाच पडून हाय. सुमन म्हनते धुऊन टाका. आता धुऊ तं कायनं धुऊ, बादलीत पानी तं थेच. साहेबाले देव लंबी उमर देवो, नातवंडं मांडीवर खेळोत, मले काई म्हनाचं नाई. फक्त त्यातला एक उन्हाळा देवानं त्यायले आमच्या गावात काढाले लावावा.