दुधाची गाठ

—आन् तेलच का इचारायल्या तुमी? मगाधरनं बघायलेय मी, तेल कोणतं, तूप किती, दूध म्हशीचं का गायीचं. अवो म्याडम, माझ्या सुनंच्या छातीला कॅन्सर निघाला, आन् तुमी परभणीच्या दवाखान्यातनं इतक्या लांब आल्या ते माझी तेलाची बरणी बघायला? करडीचं खातो आमी, घरच्या करडीचं. बाळंतपणात दैवशालाला डिंकाचे लाडू घातले, तूप घातलं, सासूनं घालायचंच असतंय. लिवा, धुरपताबाईनं तूप घातलं. हेच पायजे ना तुमाला? सासूवर आणायचं?

न्हाई म्हणता. बरं, मग काय शोधायल्यात? — काय खाती? चरबी? गाठ चरबी खाती? छातीतलीच, भोवतालची ओढून घेती आन् तिच्यावर वाढती, पसरती... आन् कशी पसरती ते आजून शोधायलाच लागलेत म्हणता. म्हंजी तुमाला बी समदं ठावं न्हाई. मग त्या कागदावर मला अंगठा कशाला मागता?

आन्... वरून चोळलेलं तेल? ते जातंय का आत, त्या गाठीला? न्हाई, सहज इचारलं. जात न्हाई? पक्कं? तुमी असं माझ्याकडं बघू नका बरं. चोळत्यातच समद्या. दूध साचलं की गाठ धरती, कोमट तेल लावायचं, हलक्या हातानं उतरवायची, वरून एरंडाचं पान शेकून बांधायचं. सुकेशनीची म्या उतरवली, पंकजाची उतरवली, आजूबाजूच्या चार गावातनं बाया येत्यात माझ्या हातासाठी. एकीचं बी वाईट झालं न्हाई. एकीचं बी.

कधी दिसली? महिना झाला. दैवशालानं सांगितलं ना दवाखान्यात, महिना? मग तेच धरा. मला काय इचारता — माझी याद लय पक्की, गावात कुणाचं लगीन कधी झालं ते मला इचारत्यात लोक. ही नात हाय ना, ईश्वरी, हिच्या बारशाला शेजारच्या सूर्यभानची म्हैस सुटून मांडवात घुसली, समद्या बाया हासायल्या, आन् दैवशाला कोपऱ्यात पाजायला बसली ती हासंना. म्हणली, आत्या, इथं हरभऱ्याएवढं लागायलंय. म्या बोटानं बघितलं, म्हणलं दुधाची हाय, उतरंल. संक्रांतीला सुपारीएवढी झाली, पोर त्या अंगाला तोंड लावंना. रामहरी म्हणला, जिंतूरला दाखवून आणू — माझा ल्योक तो. म्या म्हणलं, बायांच्या कामात तू नको येऊ. रोज तेल लावलं. सकाळी बी, सांजच्याला बी. ती दात आवळून बसायची, माझ्यावर भरवसा होता तिचा...

काय लिवलं? बारसं लिवलं? खोडा. खोडा म्हणते ना. ती महिना म्हणली ना तुमाला? ती खोटं कशाला बोलंल? — म्या न्हाई शिकवलं तिला, ईश्वरीच्यान. तिनं आपल्याच मनानं सांगितलं. समद्या डॉक्टरांम्होरं, रामहरीम्होरं. महिना म्हणली आन् माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

त्यानं काय होतंय पण? महिना काय आन् सात महिने काय, गाठ ती गाठ. — औषध ठरवायला लागतंय? किती दिसात किती वाढली, ते? चुकीचं लिवलं तर... बोला ना. औषध बी चुकंल म्हणता?

राहू द्या. खोडू नका. बारसं कधी झालं म्हणता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं, ते नीट लिवा. आन् कुणी सांगितलं म्हणून इचारलं तर माझं नाव घाला. तिनं सांगितलं असं नका म्हणू. आणा तो कागद, कुठं लावायचा अंगठा? — हं.

उठा आता. आत दैवशाला जागी व्हईल.