झडतीची काळी गोटी

माझ्या गणितापायी आमच्या सदूची नोकरी जाता जाता राहिली, माहीत आहे काय?

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सुटताना झडती असायची. सगळ्यांची कुठं घेणार? म्हणून गेटवर दरबान पिशवी धरायचा. आत नऊ पांढऱ्या गोट्या, एक काळी. प्रत्येकानं एक काढायची; काळी निघाली की झडती, मग आपणच गोटी परत पिशवीत टाकायची. कांचघर मोहल्ल्यातला माझा शेजारी सदू, त्याला चार दिवस ओळीनं काळीच निघाली.

"माझ्याच मागं काहून लागून राहिली ही?"

"अबे, दहाही गोट्यांना चान्स सारखाच. गोटी काय तुला ओळखते?"

त्यानंतर काळी कुणालाच निघेना. तिसऱ्या दिवशी रांगेत मी सदूला मोठ्यानं समजावलं, "एवढी शेकडो माणसं, अन् काळी एकदाही नाही? सारख्या चान्समध्ये असं होतच नाही. काळी पिशवीत नाहीच!"

सदू माझा हात दाबून राहिला होता. मला वाटलं, पटलं त्याला.

दरबाननं पिशवी उलटी केली. नऊच, सगळ्या पांढऱ्या.

"अब सबकी तलाशी होगी!"

पहिलाच नंबर सदूचा. काळी त्याच्या डब्यात निघाली, लोणच्याच्या वाटीखाली.

साहेबांनी विचारलं, "चुराई क्यों?"

"चोरी कैसी साहब? घर ले जाता था, पर रोज वापस भी तो लाता था!"

साहेब हसले, म्हणून नोकरी वाचली. पण अख्ख्या लढाईत आमच्या गेटवर चोरीचा माल एकच पकडला गेला. चोर पकडायची गोटी.