गार्डचा डबा धरायचा नाय

वहिनी, मुलांनो, जित्याचे सगळे गाववाले. मला सभेत बोलायची सवय नाय. तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवली, तिथे वर बोलायला कोण असतं? पण धोंडूभाऊंची मुलगी म्हणाली, इकबालचाचा, तुम्हीच बोला. म्हणून उभा राहिलो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परत आलो तेव्हा मी नुसता माश्या मारत बसलेलो. भाऊंनी पण भाताची, वालाची शेती मुलाकडे सोपवलेली. एक दिवस म्हणाले, स्टेशनवर चल. मला वाटलं, पाहुणा येणार असेल. पाहुणा कसला! रोह्याकडून मालगाडी आली आणि हा माणूस बाकावर बसून डबे मोजायला लागला.

मनातल्या मनात मोजायचं. गाडी गेली की दोघांनी एकदम आकडा सांगायचा. चुकेल त्याने चहा पाजायचा. नियम एकच, आणि तो भाऊंचा. शेवटचा गार्डचा डबा मोजणीत धरायचा नाय. "त्यात माल नाय, माणूस हाय," म्हणायचे.

आठ वर्षं आम्ही हा उद्योग केला. लोक हसले. आम्ही पण हसलो.

मग भाऊ विसरायला लागले. आधी चष्मा, मग नातवाचं नाव. रामवाडीचे डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा. मुलाने मोबाईलवर खेळ आणून दिले. भाऊंनी ते परत केले. म्हणाले, यात समोर बसायला माणूस कुठे हाय?

डबे पण चुकायला लागले. मला बघवेना. मी अर्धा श्वास थांबायचो आणि त्यांचाच आकडा सांगायचो. एक दिवस भाऊ म्हणाले, दोनशे. मी पण म्हटलं, दोनशे. मंडळी, दोनशे डब्यांची गाडी कुणी बघितलीय?

त्या दिवशी ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "इकबाल, चुकलो तर तोंडावर सांग. चूक कळते तोवर डोकं माझं हाय."

मी कबूल केलं. रोज खरं सांगितलं. चुकले तर चुकले म्हटलं, बरोबर आलं तर पाठ थोपटली.

गेल्या मंगळवारी भाऊ म्हणाले, अठ्ठावन्न. मी म्हटलं, एकोणसाठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भाऊ, चुकलात. त्यांनी चहाचे पैसे ठेवले आणि घरी गेले.

संध्याकाळी नमाज पढून येताना मला आठवलं. एकोणसाठ मी मोजलं तेव्हा समोरून गार्ड हिरवा झेंडा दाखवत गेला होता. मी गार्डचा डबा धरला होता. तिथूनच त्यांच्या घरी जायला हवं होतं मी. मी म्हटलं, उद्या स्टेशनवर भेटतील तेव्हा सांगू.

बुधवारी पहाटेच भाऊ गेले. वहिनी मला म्हणाल्या, काल जेवले नाहीत. नुसतं म्हणत होते, "माझं डोकं गेलं गो."

वहिनी, नाय गेलं. सगळ्यांसमोर सांगतो. शेवटच्या दिवसापर्यंत भाऊंचं डोकं भाऊंचंच होतं. माझं चुकलं, आणि ते सांगायला मी उद्याची वाट बघितली. ते मला आता जन्मभर लागून राहणार.

दोन मिनिटं सगळे उभे राहूया. पण त्याआधी मला एवढं बोलू द्या.

भाऊ, अठ्ठावन्नच होते. चहा माझ्याकडे.